दोघादोघांनी, की एकेकट्यानं?

कुंभकोणमच्या महामहम तळ्याच्या काठावर सोळा दगडी मंडप आहेत. तंजावरच्या नायक राजांचे प्रधान गोविंद दीक्षित यांनी ते बांधले. आपल्या नाशिकसारखा इथेही बारा वर्षांनी मेळा भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये. एरवी सकाळी सहाला पायऱ्यांवर शुकशुकाट असतो. आम्ही तिघं तिथे पितळी वाटी-पेल्यातली डिग्री कॉफी घेऊन बसलो होतो.

सर आमच्या नगरच्या शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या वडिलांनी १९५६ साली नागपूरला जाऊन बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा घेतली. सिस्टर म्हणजे नर्स, मठातल्या नव्हेत. त्यांचे पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. दोन्ही घराण्यांची मूळ वस्ती एकाच गावाच्या वेशीबाहेरची. एका घरानं ती सोडताना एक दार उघडलं, दुसऱ्यानं साठ-सत्तर वर्षांनी दुसरं. तीस वर्षं दोघं शेजारी राहतात आणि तीस वर्षं वाद घालतात. चोळमंडलातल्या बुद्धमूर्ती पाहायच्या ही सरांची हौस. सिस्टर सोबतीला आल्या होत्या आणि मी पिशव्या उचलायला.

त्या सकाळी सिस्टरच्या मोबाइलवर त्यांच्या मंडळीच्या पास्टरांचा निरोप आला. त्यांनी तो वाचला, सरांना वाचून दाखवला आणि मोबाइल पायरीवर उलटा ठेवला.

सर : नका जाऊ.

सिस्टर : जाते असं मी अजून म्हटलेलं नाही.

सर : मोबाइल उलटा ठेवलात. नकार द्यायचा असता तर तिथल्या तिथे देऊन मोकळ्या झाला असता.

सिस्टर : तीन आठवड्यांचं तर आहे. श्रीलंकेचा दक्षिण भाग. अकरा जण. दोन डॉक्टर, एक दातांचे डॉक्टर, मी, बाकी मंडळीतली तरुण मुलं. सकाळी तपासणी आणि औषधं, संध्याकाळी सभा.

सर : तुमच्या सकाळबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मला खुपते ती संध्याकाळ. सकाळी ज्याच्या पोराचा ताप तुम्ही उतरवला, तो संध्याकाळी सभेला येणार नाही म्हणेल? त्याला भीड पडेल. भिडेनं वाकलेली मान म्हणजे श्रद्धा नव्हे.

सिस्टर : भीड आपल्याकडे पडते. तिकडची माणसं सरळ नाही म्हणतात, मी पाहिलंय. आणि जाणं हाच गुन्हा असेल तर आधी तुमच्या बुद्धांना विचारा. धर्म सांगायला माणसं पाठवण्याची रीत त्यांचीच. ख्रिस्ताच्या चार-पाचशे वर्षं आधीची.

सर : ते मान्य. सारनाथला पहिले साठ भिक्खू तयार झाले, त्यांना बुद्धांनी सांगितलं की हिंडत राहा, पुष्कळांच्या हितासाठी. पण पुढची अट फार थोड्यांच्या लक्षात राहते. एका वाटेनं दोघांनी जायचं नाही.

सिस्टर : गंमत बघा. आमच्या प्रभूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं. झोळी नको, पैसे नको, दुसरा अंगरखा नको. पण जोडीदार हवा.

सर : का असेल तसं?

सिस्टर : मी नर्स आहे, मला लगेच कळतं. वाटेत एक जण आजारी पडला तर दुसऱ्यानं त्याच्याकडे बघायचं. आणि एक जण खोटं बोलायला लागला तर दुसऱ्यानं त्याचा सदरा ओढायचा. तुमच्यात एकेकट्यानं का?

सर : मला वाटतं, एकट्या माणसाला गावाचं ऐकून घ्यावं लागतं. पाणी कुठे मिळेल, निजायचं कुठे, सगळं लोकांनाच विचारायचं. दोघं असले की ते आपसांत बोलत बसतात. आणि अकरा असले की ती क्रिकेटची टीम होते. स्वतःचा डबा, स्वतःचा ड्रायव्हर, स्वतःची गाणी. त्यांना गावाची गरजच उरत नाही.

सिस्टर हसल्या, पण त्यांनी मोबाइल सुलटा केला नाही.

सिस्टर : तुमचे महिंद तरी एकटे कुठे गेले होते? लंकेला गेले ते सोबत भिक्खू घेऊन. आणि अशोकाचा मुलगा म्हणून गेले. सम्राटाच्या पोराला नाही कोण म्हणणार?

सर : ठीक, तो मुद्दा तुमचा. राजाचं वजन मागे असलं की उपदेश जड होतो, उपदेशक कोणत्याही धर्माचा असो. पण वजन निरनिराळं असतं, सिस्टर. महिंदानं लंकेत कुणाची पूजेची वस्तू कुटून फेकल्याचं मी वाचलेलं नाही. तुमच्याकडे ते झालं, आणि आपल्या गोव्यात झालं. १५६० मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्टँटिनो द ब्रागांझा जाफन्यावर चालून गेला. तिथे त्याच्या हाती एक दात लागला. तो बुद्धाचा दंतधातू आहे असं सांगितलं गेलं. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजानं तो परत मिळावा म्हणून प्रचंड रक्कम देऊ केली. खजिना रिकामा होता, व्हाइसरॉयला मोह झाला. पण आर्चबिशप अडून बसले. १५६१ मध्ये गोव्यात सगळ्यांसमक्ष तो दात खलबत्त्यात कुटला, जाळला आणि राख नदीत टाकली.

सिस्टर : सिंहली लोक म्हणतात, खरा दात तो नव्हताच. खरा कँडीत आहे.

सर : असेल. पण कुटणाऱ्यानं तो खरा समजूनच कुटला ना?

सिस्टर : ते कॅथलिक होते, सर. आमचा तेव्हा संबंधसुद्धा नव्हता.

सर : खलबत्त्यातल्या दाताला कॅथलिक-प्रोटेस्टंट काय कळणार? बरं, तो लांबचा काळ झाला. परवा आपण नागपट्टिणमला काय पाहिलं?

आम्ही काहीच पाहिलं नव्हतं, हेच त्याचं उत्तर होतं. कुंभकोणमहून बसनं दोन-अडीच तासांवर हे बंदर आहे. इसवी सन १००५-०६च्या सुमारास श्रीविजयच्या राजानं, म्हणजे सुमात्रा-मलायाकडच्या सत्तेनं, तिथे चूडामणी विहार उभारला. राजराज चोळ स्वतः कट्टर शिवभक्त, तरी त्यानं आनैमंगलम गावाचं उत्पन्न त्या विहाराला लावून दिलं. त्याचा ताम्रपट पुढे डच लोकांनी हॉलंडला नेला, म्हणून तो लायडन ताम्रपट या नावानं ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकातही तिथे विटांचा एक तीनमजली चौकोनी मनोरा उभा होता. युरोपीय खलाशी त्याला ‘चिनी पॅगोडा’ म्हणत. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना तो लांबून दिसायचा. सर तिथे तासभर उन्हात उभे राहिले होते. पाहायला काही नसताना माणूस इतका वेळ काय पाहतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

सर : १८६७ मध्ये जेझुइट फादरांनी मद्रास सरकारकडे अर्ज केला. पडका मनोरा पाडून त्याचं सामान आम्हाला कॉलेजसाठी वापरू द्या. सरकारनं परवानगी दिली. शतकानुशतकं उभी असलेली वास्तू एका अर्जानं गेली. त्या आवारात आणि आसपास साडेतीनशेच्या घरात पंचधातूच्या बौद्ध मूर्ती सापडल्या. कुणीतरी कधीतरी भीतीनं पुरून ठेवलेल्या. त्यांतल्या पुष्कळ चेन्नईच्या एग्मोर म्युझियममध्ये आहेत, बाकीच्या जगभर पांगल्या. आणि ते कॉलेजसुद्धा तिथे टिकलं नाही. १८८३ मध्ये तिरुचिरापल्लीला गेलं.

सिस्टर : तुम्ही हे सांगताय खरं, पण अर्धं पोटात ठेवताय.

सर : काय ठेवलं?

सिस्टर : बाबासाहेबांचं. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला होता, बुद्ध आणि त्याच्या धर्माचं भवितव्य यावर. तुम्हीच मला वाचायला दिला होता. त्यात त्यांनी भिक्खूंना काय सांगितलंय? नुसते ध्यान लावून बसू नका. ख्रिस्ती धर्मगुरूंकडून काही शिका. आणि नाव कुणाचं घेतलं? जेझुइटांचं! शाळा आणि दवाखाने, त्या वाटेनं ख्रिस्ती धर्म आशियात पसरला, असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय.

सर : लिहिलंय. आणि पुढे हेही लिहिलंय की पूर्वीच्या भिक्खूंचा आदर्श हाच होता. पण त्यांनी जेझुइटांची शाळा घ्यायला सांगितली, कुदळ नव्हे.

सिस्टर : मग तेच मी म्हणते. एकाच संस्थेच्या एका हातात शाळा होती आणि दुसऱ्या हातात कुदळ. तुम्ही फक्त कुदळ दाखवलीत. नगरला मिशनच्या मिस सिंथिया फॅरार नसत्या तर सावित्रीबाई शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला कुठे गेल्या असत्या?

सर गप्प झाले. चौथऱ्यावरचा कॉफीवाला रिकामे पेले उचलायला आला, म्हणून आम्ही उठलो आणि कावेरीच्या दिशेनं चालू लागलो. बाजार उघडत होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या विड्याच्या पानांच्या जुड्या, नाचियारकोविलचे पितळी कुत्तुविळक्कू म्हणजे उभे दिवे, आणि स्वामीमलैच्या कारागिरांनी ओतलेले नटराज. कॅथेड्रलची घंटा झाली. १८९९ मध्ये पुदुच्चेरीपासून वेगळा होऊन इथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तेव्हाचे धर्मगुरू पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेचे. याच संस्थेची माणसं सयाम आणि ब्रह्मदेशातही जात होती.

सिस्टर : मला कुणासारखं जावंसं वाटतं सांगू? जोसेफ वाझसारखं.

सर : आता कॅथलिक तुमचे झाले वाटतं?

सिस्टर : चांगली माणसं सगळ्यांची. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेला हा आपला गोव्याचा माणूस. लंकेच्या किनाऱ्यावर तेव्हा डचांचं राज्य, म्हणजे माझ्याच पंथाचे लोक म्हणा. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकलून दिलं होतं. दीडशे वर्षांत पोर्तुगिजांनी बाटवलेले लोक तिथे पाद्रीवाचून राहिले होते. हा १६८७ मध्ये तुतुकुडीहून होडीत बसला. फाटकी लुंगी, अनवाणी, भिकाऱ्याच्या वेशात, सोबत एक गडी.

सर : म्हणजे दोघंच.

सिस्टर : दोघंच. जाफन्यात दारोदार भीक मागायचा. गळ्यात जपमाळ, ती ओळखून कुणाचे डोळे चमकतात का बघायचं. पुढे कँडीला गेला तर पोर्तुगिजांचा हेर म्हणून पकडला. गंमत ही की त्याला आत टाकलं बौद्ध राजानं, आणि पुढे आसरा दिला तोही त्याच बौद्ध राजानं, दुसऱ्या विमलधर्मसूर्यानं. ख्रिस्ती डच त्याच्या जिवावर उठलेले आणि बौद्ध राजा त्याला राजधानीत चर्च बांधू देतोय. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक घरचे रोगी रानात सोडून पळाले. राजासुद्धा गाव सोडून गेला. वाझ आणि गोव्याहून आलेला त्याचा भाचा, दोघं राहिले. झोपड्या बांधल्या, फोड धुतले, मेलेल्यांना पुरलं. कोण कुठल्या धर्माचा हे विचारलं नाही. त्यानंतर राजानं त्याला कुठेही फिरायची मुभा दिली. १७११ मध्ये तो कँडीतच वारला. चोवीस वर्षांत एकदाही गोव्याला परतला नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला त्याला संत म्हणून जाहीर केलं.

सर : माणूस मोठा, वाद नाही. पण त्याच टोळीतले, दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस १७०५ मध्ये गेले. सिंहलीत इतकं सुंदर लिहिलं की त्यांना सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणतात. आणि त्या लेखणीनं त्यांनी बौद्ध मताचं खंडनही केलं.

सिस्टर : केलं तर केलं. खंडन म्हणजे खलबत्ता नव्हे, सर. शब्दाला शब्दानं उत्तर देता येतं. लंकेतल्या पाणदुऱ्याची गोष्ट तुम्हीच वर्गात रंगवून सांगायचात.

ही सरांची दुखरी नव्हे, लाडकी जागा होती. ते रस्त्यातच थांबले.

सर : २६ आणि २८ ऑगस्ट १८७३. एका बाजूला वेस्लियन मिशनचे रेव्हरंड डेव्हिड डी सिल्व्हा, दुसऱ्या बाजूला मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर. हजारो माणसं ऐकायला. दोन दिवस वाद, एक दगड पडला नाही. त्या वादाचं इंग्रजी पुस्तक निघालं. ते कर्नल ऑल्कॉटच्या हाती पडलं, तो १८८०ला लंकेत आला. १८९८ मध्ये मद्रासचे पंडित अयोत्ती दास त्याच्याबरोबर कोलंबोला जाऊन बौद्ध झाले आणि परत येऊन त्यांनी शाक्य बौद्ध संघ काढला. त्याच वर्तुळातल्या लक्ष्मी नरसूंनी बौद्ध धर्मावर १९०७ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिलं. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये स्वतः प्रस्तावना लिहून ते पुन्हा छापलं.

सिस्टर : म्हणजे आमच्या मिशनऱ्यानं वाद उकरून काढला नसता, तर नागपूरपर्यंतच्या वाटेतला एक मैलाचा दगड कमी पडला असता.

सर : पाणदुऱ्याला हरले तुमचे लोक. श्रेय घ्यायचं असेल तर हरण्याचं घ्या.

सिस्टर : घेते की. हरून कुणाचं भलं होत असेल तर मिशनचं आणखी काय काम असतं?

सर मोठ्यानं हसले. मग त्यांनी चालता चालता, अगदी हळू आवाजात विचारलं.

सर : २००५चं काय? त्याबद्दल तुम्ही कधी बोलत नाही.

सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनं नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली, श्रीलंकेत तीस हजारांवर. दोन महिन्यांनी सिस्टर एका मदत पथकाबरोबर मातराच्या बाजूला गेल्या होत्या.

सिस्टर : पथकाचं नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. सकाळी शिबिरात तांदूळ आणि क्षारांची पाकिटं वाटायची. पण वाटपाच्या आधी वीस मिनिटं प्रार्थना. आमच्या प्रमुखांचा तसा नियम होता. लोक उन्हात रांगेत उभे. एक दिवस एक म्हातारा प्रार्थना संपता संपता पोचला. पायाला पट्टी होती, त्याला वेळ लागला. त्यानं दुभाष्याला काहीतरी विचारलं. मी म्हटलं, काय म्हणतोय? दुभाष्या सांगेना. मग म्हणाला, तो विचारतोय, प्रार्थनेला उशिरा आलेल्यालाही तांदूळ मिळतो का?

सर : मग?

सिस्टर : अहो, त्यानं टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला वाटलं, हे लोक हजेरी घेतात. मी तांदूळ दिला. तो म्हणाला, ‘स्तुतियि’. त्यांच्याकडे आभाराला हाच शब्द. आमच्या घरात दिवसातून दहा वेळा प्रभूची स्तुती होते, पण त्या दिवशी तो शब्द ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री मी प्रमुखांना म्हटलं, उद्यापासून आधी तांदूळ वाटू, मग ज्याला थांबायचं तो प्रार्थनेला थांबेल. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला दवाखान्याच्या तंबूत पाठवलं. वाटपावर दुसरी मुलगी उभी केली.

सर : आणि त्यामुळेच तिथे लोक बिथरतात. राज्यघटनेच्या नवव्या कलमानं बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलंय, आणि धर्मस्वातंत्र्याचीही हमी दिली आहे. २००४ मध्ये धर्मांतरबंदीचं विधेयक आलं. त्यातल्या काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयानं घटनेशी विसंगत ठरवल्या. मला विचाराल तर असा कायदा नको. उद्या तोच कायदा आमच्या दीक्षेवर उलटेल. पण असे कायदे कुणाच्या चुकीवर पोसतात, हे तुम्ही तंबूत बसून पाहिलंय. आता हे सांगा, व्हिसाच्या अर्जावर काय लिहिणार आहात?

सिस्टर : पास्टर म्हणतात, पर्यटन लिहा. सगळे तसंच लिहितात.

सर : सुवार्ता सांगायला निघालात आणि पहिल्याच कागदावर खोटं?

सिस्टर : वाझही वेश बदलूनच गेला होता.

सर : त्याला ओळखलं असतं तर फासावर दिला असता. तुम्हाला फार तर विमानात बसवून परत धाडतील. जिवाची जोखीम असताना घातलेला वेश आणि सोयीसाठी घातलेला वेश एकच कसा? शिवाय तो भिकाऱ्याच्या वेशात गेला आणि खरोखरच भीक मागून जगला.

याला सिस्टरनी उत्तर दिलं नाही. आम्ही भगवत विनायकाच्या देवळापाशी पोचलो होतो.

याच देवळात एक दगडी बुद्ध आहे. लोक त्याला ऋषी म्हणतात. पद्मासन, मांडीवर हात, मिटल्यासारखे डोळे. कपाळावर कुणीतरी भस्म लावलं होतं, पुढ्यात जास्वंदीचं फूल आणि विझत आलेली पणती. सर हात जोडून उभे राहिले. त्यांनी मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं असावं, कारण ओठ हलत होते. मग त्यांचं लक्ष भस्माकडे गेलं आणि चेहरा कडवट झाला.

सर : याला इथून हलवायला हवं. म्युझियममध्ये नाही तर एखाद्या विहारात. बघा काय केलंय. ज्यानं देव मानला नाही, त्याच्या कपाळाला भस्म.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ पणतीत तेल घालायला वाकले होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि मराठीत बोलू लागले. तंजावरकडची मराठी, व्यंकोजींबरोबर खाली आलेली. तमिळ हेलात गुंडाळलेली, तरी आजीच्या ट्रंकेतल्या लुगड्यासारखी ओळखीची. आधी त्यांना वाटलं आम्ही गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिराला आलो आहोत, कारण तिथे अभंग ऐकायला मराठी माणसं येतात. मग सरांकडे पाहून त्यांनी सांगितलं की त्यांची आजी इथे फूल ठेवायची, म्हणून तेही ठेवतात. हे कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. एकटे बसलेले दिसले, म्हणून ठेवायची.

ते गेल्यावर सिस्टर देवळाच्या कट्ट्यावर टेकल्या.

सिस्टर : सर, आता तुमचा अर्ज कुणाकडे? मद्रास सरकारकडे?

सर : म्हणजे?

सिस्टर : जेझुइटांनी अर्ज केला, हे पडकं आम्हाला द्या, आम्ही याचं काहीतरी चांगलं करू. तुम्हीही तेच म्हणताय. हे आमचं आहे, तुम्ही चुकीचं पूजताय, द्या इकडे. त्या आजीनं दिवा लावला नसता तर ही मूर्ती कुणाच्या तरी पायरीखाली गेली असती.

सर : हा बुद्ध आहे, सिस्टर. आमच्या लोकांपासून हिरावलेला. आपल्याकडे तर विठ्ठलही मुळात बुद्धच, असं बाबासाहेब म्हणत.

सिस्टर : असेल. हिरावला असेलच. पण ज्यांनी हिरावला ते आणि जी फूल ठेवते ती, एकच का? तुम्हीच मला काल कुंभेश्वराच्या देवळातल्या त्या शिलालेखाचं सांगितलंत.

तो १५८० सालचा, सेवप्प नायकाच्या काळातला. कालवा खणताना जवळच्या तिरुविळंदुरैच्या बुद्धमंदिराची जमीन गेली. तिच्या बदली दुसरी जमीन देण्यात आली, आणि हे शिवाच्या देवळात कोरून ठेवलं. म्हणजे चोळांच्या नंतर कितीतरी काळ इथे बुद्धाचं मंदिर नांदत होतं, आणि कालव्याइतकं निकडीचं काम असूनही त्याची जमीन फुकट गेली नाही.

सर : भरपाई दिली. बरोबर. एकाही बौद्धाचं मत फिरवलं नाही, स्वतःचंही बदललं नाही, आणि भरपाई दिली.

सिस्टर : श्वार्ट्झ आणि तंजावरचे राजे सरफोजी यांचं तरी काय वेगळं होतं? जर्मन मिशनरी. १७५० मध्ये तरंगंबाडीला उतरला आणि १७९८ मध्ये तंजावरला वारला. अठ्ठेचाळीस वर्षं. पोरक्या राजपुत्राला त्यानं वाढवलं, शिकवलं. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, अखेरपर्यंत हिंदूच राहिले. श्वार्ट्झ नापास झाला म्हणायचा का? राजानं लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून आणलं. त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे आणि राजा त्याचा हात धरून उभा आहे. खाली इंग्रजी ओळी राजानं स्वतः रचल्या. धर्म न बदललेल्या शिष्यानं पाद्र्यासाठी एवढं करावं, याहून मोठी साक्ष मला माहीत नाही.

सर : अठ्ठेचाळीस वर्षं, चोवीस वर्षं. तुमचे तीन आठवडे.

सिस्टर : तेच टोचतंय. तुमचं बरोबर आहे असं नव्हे. मी का आले, हे कुणी विचारलं तर मी सांगणारच. न सांगणं हीसुद्धा लपवाछपवी. पण विचारण्याइतका वेळ त्याला द्यायला हवा. तीन आठवड्यांत कुणाला प्रश्न पडत नाही, म्हणून आम्ही सभा घेऊन उत्तरच आधी देऊन टाकतो.

सर त्या मूर्तीजवळ उकिडवे बसले. विनयपिटकात एक गोष्ट आहे, ती त्यांनी आम्हाला शाळेत असताना सांगितली होती. एक भिक्खू हगवणीनं आजारी, घाणीत पडलेला, बाकीचे त्याच्याकडे ढुंकून पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला घेऊन त्याला स्वतः धुतलं आणि सगळ्यांना सुनावलं की ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. सिस्टरना तीच गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या शब्दांत ठाऊक होती. त्या दिवशी दोघांनीही ती काढली नाही. सरांनी पणतीची काजळी बोटानं काढली आणि वात पुढे सारली. भस्म पुसलं नाही.

परत येताना सिस्टरनी पास्टरांना निरोप लिहिला आणि पाठवण्याआधी सरांच्या हातात मोबाइल दिला. पेपर तपासायची त्यांची सवय अजून गेलेली नाही.

सर : ‘मी पथकाबरोबर येणार नाही.’ बरं. ‘तिथल्या एखाद्या रुग्णालयाला नर्स हवी असेल तर सहा महिन्यांसाठी जाईन, त्यांच्या नियमांप्रमाणे, त्यांच्या मेट्रनच्या हाताखाली. व्हिसा ज्या कामाचा असेल तेच काम करीन. सभा घेणार नाही. कुणी विचारलं तर सांगीन.’ हे ठीक. पण पुढे ‘आम्ही’ का लिहिलंय? कोण आम्ही?

सिस्टर : माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण आहे, तिलाही घेऊन जाईन म्हणते. दोघी. आमच्या प्रभूचा नियम.

सर : आणि दोघी मिळून दिवसभर मराठीत गप्पा मारणार.

सिस्टर : नाही. वॉर्ड वेगवेगळे मागून घेऊ. तो तुमच्या बुद्धांचा.

सरांनी निरोपात एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली आणि मोबाइल परत दिला. मग थोडं पुढे गेल्यावर, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात ते म्हणाले, ‘औषधाला सिंहलीत बेहेत म्हणतात. पालीतल्या भेसज्जवरून. जायच्या आधी रोज संध्याकाळी अर्धा तास या, मला येतं तेवढं शिकवीन.’